आठ नंबरचा सायकलपटू आणि उलटा घाट

मुंबई-पुणे सायकल शर्यतीच्या जुन्या फोटोंचं एक पाकीट आमच्या संग्रहात नोंदणीसाठी आलं होतं. पोस्टकार्ड आकाराचे ४३ कृष्णधवल प्रिंट. त्यातल्या ४२ फोटोंची ठिकाणं दुपारपर्यंत लागली. शिंग्रोबाचं देऊळ, अमृतांजन पुलाचे दगडी खांब, खंडाळ्याच्या अलीकडचे कठडे अशा खुणा बोरघाटात भरपूर आहेत. अडला तो एकच फोटो, आणि सगळ्यांत सुंदरही तोच होता: चढावर सीटवरून उठून पेडल मारणारा सायकलपटू, पाठीवर ८ नंबर, मागे दरी आणि दरीपलीकडे एक उंच सुळका. प्रिंटच्या मागे पेन्सिलने ‘घाट’ एवढंच लिहिलेलं. सुळका खंडाळ्याजवळच्या नागफणी सुळक्यासारखा वाटत होता, पण फणा भलत्याच दिशेला. कसारा, कात्रज, खंबाटकी यांच्या फोटोंशी ताडून पाहिलं, कुठेच जुळेना. पाकिटावर ‘ठिकाण अज्ञात’ लिहायची वेळ आली होती.

प्रिंट १२०० पीपीआयवर (इंचाला १२०० बिंदू) स्कॅन करून पडद्यावर मोठा केला, तेव्हा सायकलपटूच्या पोटरीवर वंगणाचा काळा पट्टा दिसला. शर्यतीची सायकल वापरणाऱ्याला हा पट्टा कशाचा ते सांगावं लागत नाही. चेनव्हीलला, म्हणजे पेडलपाशी असलेल्या दात्यांच्या चाकाला, पोटरी घासली की दात्यांचे ठसे उमटतात, आणि ते उमटतात उजव्या पायावर. इथे तो पट्टा डाव्या पोटरीवर होता. मग चेन शोधली. फोटो हलल्यामुळे क्रँकपाशी, म्हणजे पेडलच्या दांड्यापाशी, सगळं धूसर होतं, पण मागच्या चाकाच्या आसाखाली लोंबणारा डिरेल्युअर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, ओळखू आला. तोही डावीकडेच.

डिरेल्युअर असलेल्या सायकलची चेन उजवीकडेच असते, यामागे साधं कारण आहे. जुन्या पद्धतीचं फ्रीव्हील, म्हणजे मागचं दात्यांचं चक्र, चाकाच्या हबवर उजव्या, म्हणजे घड्याळाच्या दिशेने घट्ट होणाऱ्या आट्यांनी बसतं. चेन उजवीकडे असली तर प्रत्येक पेडलबरोबर ते आणखी घट्ट होतं. तेच डावीकडे बसवलं तर पेडल मारताना सुटत जाईल. त्यामुळे चेन डावीकडे दिसली की आधी फोटोवर संशय घ्यायचा. दोघांनी मिळून चालवायच्या सायकलीवर दोघांची पेडल जोडणारी चेन डावीकडे असू शकते, तेवढा अपवाद लक्षात ठेवावा.

आमच्या फोटोत ही चूक इतकी लपली कशी, तर नंबरामुळे. ३ किंवा ५ आरशात पाहिल्यासारखा उलटला की लगेच डोळ्यांत भरतो. जाड रेषेचा ८ इंग्रजी आकड्यांत लिहिलेला असला की उलटूनही ८च राहतो. फोटोत दुसरं अक्षर नव्हतं, वाहन नव्हतं, रस्त्याची पाटी नव्हती.

प्रतिमा आडवी पलटवली आणि सुळक्याचा फणा योग्य दिशेला वळला. नागफणीच. तरी नुसत्या नजरेवर नोंद करत नाही. खंडाळ्याच्या बाजूने काढलेला अलीकडचा फोटो घेतला आणि जुन्या प्रतिमेवर निम्म्या पारदर्शकतेने ठेवला. हे करताना फक्त दूरची क्षितिजरेषा जुळवायची. झाडं वाढतात, कठडे बदलतात, रस्ता रुंद होतो. जवळच्या वस्तूंचं दूरच्या डोंगराशी असलेलं प्रमाण तर फोटो काढणारा दहा पावलं सरकला तरी बदलतं. सुळक्याचा माथा, त्याखालची खाच आणि शेजारच्या धारेचा उतार, असे तीन बिंदू एकदम बसले तरच जुळलं म्हणायचं. ते बसले. सावलीच्या दिशेवर मात्र मी घाटात कधी विसंबत नाही. रस्ता दर वळणाला तोंड फिरवतो, मग सावलीवरून निघालेली दिशा धरायची कुठल्या वळणाची?

पुरावा नंतर पाकिटाच्या तळाशी सापडला. बटरपेपरच्या खोळीत सहा चौकटींची ३५ मिमी निगेटिव्हची पट्टी चिकटून बसली होती. अशी पट्टी ओढू नये, इमल्शन, म्हणजे चित्राचा थर, कागदाबरोबर निघून येतं. खोळीची शिवण कापून कागद उघडला. सुदैवाने चिकटलं होतं ते चकचकीत बाजूचं टोक, आणि चौकटी शाबूत होत्या. क्रमांक २१ वर शिंग्रोबाचं देऊळ, २३ वर अमृतांजन पूल, २४ वर आमचा आठ नंबर. खोपोलीकडून चढताना हाच क्रम लागतो. म्हणजे फोटो काढणारा गाडीतून शर्यतीबरोबर वर जात होता.

पट्टीवरून चुकीचं मूळही कळलं. एन्लार्जरमध्ये, म्हणजे निगेटिव्हवरून मोठा प्रिंट काढायच्या यंत्रात, निगेटिव्हची मॅट, म्हणजे इमल्शनची बाजू खाली कागदाकडे असावी लागते आणि चकचकीत बाजू दिव्याकडे. घाईत पट्टी पालथी बसली की प्रिंट आरशातला येतो आणि फोकसही ठीकच दिसतो, त्यामुळे डार्करूममध्ये कुणाला शंका येत नाही. स्कॅनरवरही हीच चूक होते. कडेला छापलेला चौकट क्रमांक पडद्यावर सुलटा वाचता आला पाहिजे, ही तपासणी प्रत्येक पट्टीला करावी. आम्ही ३२०० पीपीआयवर १६ बिटांची टिफ फाइल करतो आणि कापताना क्रमांकाची कड मुद्दाम ठेवतो.

काळासाठी २३ वी चौकट कामाला आली. पुलापाशी एक मारुती ८०० उभी आहे. ही गाडी डिसेंबर १९८३मध्ये बाजारात आली आणि डोंगरावरचं गवत पूर्ण वाळलेलं आहे, म्हणून १९८४च्या आधीचा फोटो धरता येत नाही. नंबरप्लेट एमने सुरू होणाऱ्या तीन अक्षरांची आहे, एमएच-१२ सारखी नवी नव्हे, म्हणजे गाडीची नोंदणी नवी पद्धत येण्याआधीची. पण गाडी पुढे कितीही वर्षं धावू शकते. पेडलवर पाय अडकवायच्या टो-क्लिप आणि हँडलवरून कमान करून जाणाऱ्या ब्रेकच्या वायरींचंही तसंच. परदेशात ऐंशीच्या दशकात नवं काही आलं म्हणून इथल्या खेळाडूने जुनी सायकल टाकून दिली असं होत नाही. अशा खुणा ‘याआधी नाही’ एवढंच सांगतात, ‘यानंतर नाही’ हे सांगत नाहीत.

ती चौकट आणखी एका कारणाने जपायला हवी. ५ एप्रिल २०२० रोजी स्फोटकांनी तो पूल पाडला. खांबांचे दगड मोजता येतील इतका तो इथे स्पष्ट आहे, आणि खालून आठ नंबर एकटा चढतो आहे.

प्रिंटच्या मागे आम्ही आणखी काही लिहिलं नाही. मूळ प्रिंटचा स्कॅन उलटा आहे तसाच ठेवला, निगेटिव्हवरून केलेली सुलटी प्रत वेगळ्या फाइलमध्ये. नोंद अशी केली: ‘बोरघाट, खंडाळ्याची बाजू, मागे नागफणी. १९८४ किंवा नंतर. प्रिंट उलटा छापलेला. चेन डावीकडे दिसते. सायकलपटू क्रमांक ८, नाव मिळालेलं नाही.’