गच्चीवरचं सोलर आणि चौथ्या मजल्यावरचे काका

12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. पार्ल्यातल्या आमच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावरचे काका तेव्हा घरीच ऑक्सिजनच्या मशीनवर होते. लिफ्ट बंद. आम्ही तिघांनी सिलिंडर जिन्याने वर नेला. काकांना मशीन लागतं, हे सेक्रेटरी असूनही मला त्याच दिवशी कळलं. चोवीसच घरं आहेत आमची. त्या गोष्टीची लाज अजून जात नाही.

सोलरचा विषय तेव्हापासून मनात होता. तो हलला फेब्रुवारी 2024 मध्ये गच्चीवरच्या सोलरला अनुदान देणारी केंद्राची सूर्यघर योजना आल्यावर. सोसायटीच्या सामाईक वापराला किलोवॉटमागे 18,000 रुपये अनुदान आहे. लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी आम्ही 10 किलोवॉट धरलं. त्याला साधारण हजार चौरस फूट जागा लागते, म्हणजे जवळजवळ अख्खी गच्ची.

सर्वसाधारण सभेत घोडं अडलं ते वाळवणावर. "मग कुरडया कुठे घालायच्या?" दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी विचारलं. काहीजण हसले. मला मात्र प्रश्न रास्त वाटला. उन्हाळ्यात वाळवणाला बसलेल्या बायकांना कोणाच्या घरी काय चाललंय हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं, ती जागा मोडून काय मिळवायचं? शेवटी पॅनेल आठ फूट उंच सांगाड्यावर चढवायचे आणि दक्षिणेचा पट्टा मोकळा ठेवायचा, असं ठरलं. खर्च वाढला, पण ठराव एकमताने झाला.

कागदपत्रांत ठराव, वर्षभराची बिलं, स्ट्रक्चरल ऑडिट हे सगळं जोडलं होतं. तरी अर्ज दोनदा परत आला, कारण बिलावरचं सोसायटीचं नाव नोंदणी प्रमाणपत्राशी जुळत नव्हतं. तुम्ही हे करणार असाल तर आधी बिलावरचं नाव दुरुस्त करून घ्या. पॅनेल बसल्यावर नेट मीटरसाठी, म्हणजे लाइनला दिलेली आणि लाइनकडून घेतलेली वीज दोन्ही मोजणाऱ्या मीटरसाठी, सात आठवडे थांबलो, सगळं ऊन वाया.

एक गोष्ट मात्र कोटेशन आणणाऱ्या तिघांपैकी एकानेच सांगितली: लाइट गेली की असलं, बॅटरी नसलेलं सोलरही बंद पडतं. पॅनेलची वीज लाइनमध्ये जाऊन तिथे काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून सोलरचा इन्व्हर्टर आपोआप थांबतो. म्हणजे बिल कमी झालं असतं, पण काकांसाठी काहीच बदललं नसतं. मग दोन बॅटऱ्यांचा वेगळा इन्व्हर्टर घेतला. जिन्यातले दिवे आणि काकांच्या दारापर्यंत एक पॉइंट, एवढंच त्यावर. मशीन साडेतीनशे वॅटच्या आसपास खातं, त्यामुळे पाचेक तास निघतात. पंप त्यावर चालत नाही, म्हणून वरची टाकी संध्याकाळी भरून ठेवायची हा नियम केला. आणि मीटर रूममध्ये एक वही: कोण एकटं राहतं, कोणाचं इन्सुलिन फ्रीजमध्ये असतं, किल्ली कोणाकडे. ती आजींनीच भरून दिली, एका दुपारी, गच्चीवर बसून.

गेल्या मे महिन्यात रात्री दीड तास लाइट नव्हती. मी टॉर्च घेऊन वर धावलो, तर तिसऱ्या मजल्यावरचा कॉलेजातला मुलगा आधीच पोचला होता. मशीनची वायर दाराबाहेरच्या पॉइंटला लावून तो काकांशी बोलत बसला होता.