नाडी आधी, बीपी नंतर
आज नर्सिंग कॉलेजच्या लॅबमध्ये मुलींनी आमचं सिम्युलेशन ब्राउझरवर चालवून पाहिलं. प्रसंग बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचा. पडद्यावरच्या बाईची नाडी आधी वाढते, पण बीपी बराच वेळ ठीक दिसतं, कारण तरुण शरीर रक्तवाहिन्या आकसून ते सावरून धरतं. कोडमध्येही आम्ही ते मुद्दाम उशिरा पाडतो.

बऱ्याच जणी बीपी पाहून निर्धास्त राहिल्या. एकीने मात्र सरळ पोट तपासलं. गर्भाशय मऊ आहे, म्हणजे नीट आकसलेलं नाही, म्हटल्यावर मसाज, मदतीला हाक, ऑक्सिटोसिन (गर्भाशय आकसवणारं औषध), सगळं भराभर! रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्सामिक ॲसिड बाळंतपणानंतर ३ तासांच्या आत द्यायचं, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. फार बरं वाटलं.

मऊ गर्भाशय हाताला कसं लागतं ते माउसने कळत नाही, त्याला मॅनिकिन (सरावाचा पुतळा) आणि वॉर्डच हवा. पण वॉर्डमध्ये अशी वेळ आली की विद्यार्थिनींना मागे उभं करतात (करायलाच हवं). मग निर्णय घ्यायचा सराव कुठे करायचा?

आता रक्ताच्या अंदाजाचं काम. नुसत्या डोळ्यांनी तो कमीच येतो. ५०० मिली रक्त पॅडवर, चादरीवर कसं दिसतं, ते चित्रांत हुबेहूब आणायचंय. प्रसूती कक्षात काम केलेल्या सिस्टर्सनी मला जरूर मेसेज करा.