वलांडीजवळचा पाऊस

पावसावर काम करणारी कुठलीही टीम माझ्याकडे आली की पहिल्याच बैठकीत मी एक परीक्षा घेते. तुमचा कोड 26 जुलै 2005 वर चालवून दाखवा. मुंबईत पावसाचे पैसे देऊ बघणाऱ्या यंत्रणेला तो दिवस ओळखता येत नसेल, तर पुढचं बोलणं तिथेच थांबवलेलं बरं.

डिसेंबरातल्या त्या शनिवारी पवईत माझ्यासमोर दोघं बसले होते. ती कोल्हापूरची, तो वसईचा. कॉलेज संपून दोन वर्षंही झाली नव्हती. कल्पना मला पहिल्यापासून आवडली होती. बोंबील सुकवणाऱ्या कोळी बायकांचा माल अवकाळी पावसात गेला, तर ठरलेली रक्कम आपोआप त्यांना मिळावी. नियम ब्लॉकचेनवरच्या, म्हणजे अनेक संगणकांवर एकत्र जपलेल्या नोंदींच्या साखळीवरच्या, स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे अट पुरी झाली की आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये; पावसाचा आकडा वेधशाळेकडून येणार, आकड्यानं मर्यादा ओलांडली की पैसे सुटणार. सर्व्हेअर नाही, अर्ज नाही, साहेबाची सही नाही. केनियात पीकविम्यासाठी याच धर्तीवर काम झालंय आणि शेतकऱ्यांच्या मोबाइल खात्यात पैसे पोचलेत, त्यामुळे हे हवेतलं नव्हतं. ब्लॉकचेन म्हटलं की विजेचा प्रश्न निघतोच. बिटकॉइनबद्दल तो आजही रास्त आहे. ही मुलं इथेरियम नावाच्या दुसऱ्या ब्लॉकचेनवर होती, आणि सप्टेंबर 2022 मध्ये मायनिंग, म्हणजे नोंदी पक्क्या करायला संगणकांनी वीज जाळत गणितं सोडवणं, सोडल्यापासून इथेरियमचा वीजवापर 99 टक्क्यांहून जास्त उतरलाय. तो विषय पाच मिनिटांत संपला.

मग तिनं तारीख टाकली. स्क्रीनवर आलं: देय रक्कम शून्य.

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. पहिली चूक मला माहीतच होती, जवळजवळ प्रत्येक टीम ती करते. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो, आणि मोजलेला पाऊस त्या दुसऱ्या दिवसाच्या नावावर लागतो. 26 जुलैच्या दुपारी जो कोसळला, तो नोंदीत 27 जुलैला सापडतो. तिनं तारीख बदलली. पुन्हा शून्य.

आता मात्र मीही खुर्ची पुढे ओढली. त्यांनी केंद्र घेतलं होतं कुलाब्याचं, कारण तिथली जुनी आकडेवारी सलग आणि स्वच्छ मिळते. मर्यादा ठेवली होती 115.6 मिलिमीटर, म्हणजे हवामान खात्याच्या भाषेत जिथून अति जोरदार पाऊस सुरू होतो ती. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला. कुलाब्याला 75 सुद्धा नाही. शहर एक, दिवस एक.

"म्हणजे मॅडम, कुर्ल्यातल्या माणसाला आपण सांगितलं असतं की पाऊस झालाच नाही," तो म्हणाला.

"आणि ते कुणाला खोडताही आलं नसतं."

कुलाब्याचा आकडा खोटा नव्हता. सरकारी केंद्रावर, नीट मोजलेला, खरा आकडा. ब्लॉकचेन तो इमानदारीनं जपेल, जगातल्या कुणालाही तो गुपचूप बदलता येणार नाही. पण तो ज्या माणसाचा निकाल लावणार, त्याच्या डोक्यावर पडलेला पाऊस तो नव्हेच. या कामात बाहेरचा आकडा साखळीत आणणाऱ्या दुव्याला ओरॅकल म्हणतात. माझ्याकडे येणाऱ्या टीम कॉन्ट्रॅक्टचा कोड दहादा तपासून घेतात. ओरॅकलबद्दल विचारलं की म्हणतात, ते काय, एपीआय, म्हणजे आकडा थेट आणून देणारी जोडणी, आहे ना.

मी एवढी अडून का बसते, ते त्या दोघांना त्या दिवशी सांगितलं. 2005 मध्ये मी एका विमा कंपनीत क्लेम विभागात नवीन होते. पूर ओसरल्यावर आठवड्याभरात कुर्ल्याचे एक किराणा दुकानदार वहीखातं घेऊन आले. पानं एकमेकांना चिकटलेली. त्यांच्या बायकोनं एकेक पान सोडवून त्यावर इस्त्री फिरवली होती; काही पानांवर इस्त्रीच्या टोकाचा तपकिरी डाग होता. शाई सगळी पसरलेली. आमच्या साहेबांनी वही उलटून पाहिली आणि मालाची मूळ बिलं मागितली. बिलं मिठी नदीत गेली होती. क्लेम नामंजूर झाला, आणि ते पत्र मी टाइप केलं. म्हणून बिलाशिवाय, सहीशिवाय पैसे देणारी पद्धत उभी राहावी असं मला मनापासून वाटतं. आणि म्हणूनच तिनं एकाही माणसाला तसंच परत पाठवू नये, असंही वाटतं.

"वर्सोव्याला गेलाय का कधी?" मी विचारलं. तो एकदा जाऊन फोटो काढून आला होता. ती गेलीच नव्हती. मी लॅपटॉप मिटायला लावले. साकीनाक्याहून मेट्रो पकडली आणि तासाभरात आम्ही कोळीवाड्यात होतो.

खाडीच्या बाजूला वलांड्या उभ्या होत्या. बांबू रोवून त्यांच्यामध्ये ओळीनं दोर ताणलेले, आणि दोरांवर बोंबील. ते टांगतात कसे, हे मीही त्या दिवशी पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिलं. गाठ नाही, काटा नाही. एका बोंबलाचा जबडा उघडायचा, दुसऱ्याचा त्यात अडकवायचा, आणि जोडी दोरावर टाकायची. बारीक दात एकमेकांत रुततात आणि वाऱ्यानंही सुटत नाहीत. साठीच्या एक मावशी बोलता बोलता हे करत होत्या, टोपलीकडे बघतही नव्हत्या.

मुलीनं आपली योजना सांगितली आणि मर्यादा किती असावी ते विचारलं. मावशींनी हात थांबवले.

"शंभर मिलिमीटर म्हणजे किती गो?"

मुलीनं बोटांनी अंतर दाखवलं. मावशी हसल्या नाहीत. "एवढा पाऊस कशाला पाहिजे? अर्धा सुकलेला माल एका सरीनं जातो. आणि सर नाय आली, नुसतं दोन दिवस ढग धरून राहिलं, तरी वास सुटतो. मग तो माणसानं खायचा राहत नाय, खतात जातो. ते तुमच्या यंत्राला कळतं काय?"

नव्हतं कळत. सगळा कोड पावसावर उभा होता. ढगाचा, दमट हवेचा त्यात उल्लेखही नव्हता. जूनजुलैत तशीही मासेमारी बंद असते. पावसाळ्यासाठी आखलेली मर्यादा आम्ही हिवाळ्यातल्या धंद्यावर लादत होतो. मुलीनं वही काढली आणि पुढचा तासभर ती फक्त लिहीत होती. माल किती दिवस वलांडीवर असतो, कुठल्या वाऱ्याला लवकर सुकतो, आभाळ भरून आलं तर काय काय झाकता येतं.

निघताना मावशींनीच विचारलं, "पैसे कुणाच्या नावावर?"

टीमनं प्रत्येकीला मोबाइलवरचं क्रिप्टो वॉलेट द्यायचं ठरवलं होतं. त्याची किल्ली म्हणजे बारा शब्द, हरवले की पैसे गेले. शिवाय क्रिप्टोतल्या नफ्यावर आपल्याकडे एप्रिल 2022 पासून 30 टक्के कर आहे. "तुमच्या स्वतःच्या बँक खात्यात," मुलगा पटकन म्हणाला. वॉलेट तिथेच निकालात निघालं. साखळीवर राहणार नियम आणि नोंदी. पैसे रुपयातच जाणार. विमा म्हणून विकायचं तर विमा नियामक आयआरडीएआयची नोंदणी असलेली कंपनी सोबत लागेल, तोवर छोट्या मदतनिधीवर प्रयोग करायचा, असं परतीच्या मेट्रोत ठरलं.

एका गोष्टीवर आमचं एकमत होईना. वलांडीशेजारी पर्जन्यमापक ठेवायचा, इथपर्यंत ठीक. वाचणार कोण? जिला पैसे मिळणार तिनंच आकडा लिहायचा, यात मला धोका दिसत होता. मुलगी म्हणाली, मॅडम, तिच्यावर विश्वास नाही आणि काही किलोमीटरवरच्या सांताक्रूझच्या यंत्रावर आहे, हे मला पटत नाही. तिचा मुद्दा मला आवडला, तरी मी हेका सोडला नाही. शेवटी असं ठरलं की तिघी बायका वेगवेगळ्या नोंदी ठेवतील, त्या एकमेकींशी आणि सांताक्रूझच्या आकड्याशी ताडून बघायच्या, आणि हा हंगाम संपेपर्यंत कॉन्ट्रॅक्टला हात लावायचा नाही.

बुधवारी सकाळी तिनं फोटो पाठवला. शाळेची रेघी वही, पेननं आखलेले चार रकाने: वार, ऊन, ढग, सर. मंगळवारच्या ओळीत मावशींच्या मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, "दुपारपर्यंत ऊन. मग ढग. माल अर्धा झाकला."