बदलत्या बातमीदारीवरचा माझा विश्वास

पत्रकारितेचे शिक्षण घेताना छापील वृत्तपत्रांच्या घटत्या जाहिरातींची चिंता सतत कानावर पडते, आणि ती खोटी नाही. तरीही मी आशावादी आहे, कारण २००२ साली उत्तर प्रदेशातील चित्रकूटमध्ये बुंदेली बोलीतील छापील पत्र म्हणून सुरू झालेले, ग्रामीण स्त्रियांनी चालवलेले ‘खबर लहरिया’ आज मोबाइलवर चित्रित केलेल्या बातम्यांतून गावोगावचे प्रश्न मांडत आहे. पत्रकार पी. साईनाथ यांच्या ग्रामीण भारतावरील ‘पारी’ या संकेतस्थळावर ऊसतोड कामगारांचे जगणे मराठीतही सविस्तर वाचता येते, इतके दीर्घ वार्तांकन दैनिकाच्या पानात क्वचितच मावले असते. पगाराची शाश्वती कमी आहे. पण माहिती अधिकारात अर्ज करून तालुक्यातील पाणीयोजनेचा खर्च तपासायला आणि तो वाचकांपुढे ठेवायला आता मुंबई-पुण्यातील संपादकाच्या होकाराची वाट पाहावी लागत नाही, आणि मला नेमके तेच काम करायचे आहे.