वाडीकडची खोली

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. वादळानंतर घरगुती निवास पुन्हा सुरू करणाऱ्यांना आम्ही सल्ला देतो. त्याच वर्षी दसऱ्यानंतरच्या आठवड्यात आम्ही दिवेआगरला अशाच एका घरी पोचलो. घरात पाहुण्यांसाठी चार खोल्या, स्वतः रांधून वाढणारं जोडपं, दादा आणि वहिनी, आणि मागे १८ गुंठ्यांची नारळी-पोफळीची वाडी. कोविडच्या टाळेबंदीनंतर २ सप्टेंबरपासून हॉटेलं पूर्ण क्षमतेने सुरू करायला परवानगी मिळाली होती, जिल्ह्याबाहेर जायला लागणारा ई-पासही बंद झाला होता. लक्ष्मीपूजन १४ नोव्हेंबरला, म्हणजे दिवाळीच्या पाहुण्यांआधी हाताशी जेमतेम अडीच आठवडे.

दादांचा बेत ठरलेला होता. "उद्या खडीची गाडी येत्ये. वाडी गेलीच आहे, तर मागे काँक्रीट घालतो. गाड्या लागतील, पुढेमागे दोन खोल्या वाढवता येतील."

आधी वाडी बघू म्हटलं.

२४० पोफळी आणि २२ माड आडवे झालेले. उभ्या राहिल्या होत्या साठेक पोफळी आणि पाच माड. पोफळींवर चढवलेले मिरवेल पोफळींबरोबरच गेले. सरकारने आधी फळबागांना हेक्टरी ५० हजार जाहीर केले, त्या हिशेबाने या वाडीला ९ हजार मिळाले असते. पुढे झाडागणिक दर ठरला, नारळाला २५० आणि सुपारीला ५० रुपये. त्याने आकडा १७,५०० वर गेला. कोकणातली वाडी गुंठ्यांत असते आणि एकाच जागेत माड, पोफळ, जायफळ, मिरी असं एकावर एक पीक उभं असतं, त्यामुळे हेक्टरी दर तिला कधीच पुरत नाही. झाडागणिक दर त्यातल्या त्यात बरा, पण तोडणी-उचलणीच्या मजुरीतच संपणारा. शिवाय सातबाऱ्यावर सहा नावं, चार जण मुंबईला. सगळ्यांची संमतीपत्रं जमेपर्यंत पैसे अडकले. आजही आम्ही प्रत्येक घरी पहिला सल्ला हाच देतो: सामायिक सातबारा असेल तर संमतीपत्रं वादळाची वाट न बघता करून ठेवा.

वाडीच्या कोपऱ्यात माडाच्या खोडांचे ओंडके रचून ठेवले होते. दादांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. पहारीने एक ओंडका फोडला. आतला भुसा ओला, काळपट, आणि त्यात अंगठ्याएवढ्या जाड, पांढुरक्या, वेटोळं करून पडलेल्या अळ्या. एका ओंडक्यात अकरा. हा गेंड्या भुंगा. कुजणाऱ्या खोडात आणि शेणखताच्या खड्ड्यात त्याची मादी अंडी घालते. भुंगा बाहेर पडला की माडाच्या कोवळ्या सुईत, म्हणजे शेंड्याच्या न उमललेल्या पानात, शिरतो आणि नवी झावळी कात्रीने कापल्यासारखी उमलते. त्या जखमेत मग सोंड्या भुंगा अंडी घालतो, आणि सोंड्याने पोखरलेला माड सहसा वाचत नाही. वादळातून वाचलेले पाच माड त्या ढिगापासून वीस पावलांवर होते. वादळाने नेलं ते दिसतं, मागे ठेवलेल्या ओंडक्यांनी दोन वर्षांनी काय नेलं त्याचा पंचनामा कोणी करत नाही.

तिथल्या तिथे ठरलं: ओंडके फोडून उन्हात पसरायचे, सुकले की चुलीला. शेणखताचा खड्डा उपसून उलटायचा, त्यात या अळ्या मारणारी मेटारायझियम बुरशी मिसळायची. पाचही माडांच्या वरच्या झावळ्यांच्या बेचक्यांत बारीक वाळू आणि निंबोळी पेंड भरायची. उरलेल्या पोफळींचं दुखणं वेगळं. सावलीत वाढलेलं खोड एकदम उघड्यावर आलं की नैर्ऋत्येच्या उन्हाने भाजतं, साल तडकते आणि दोन-तीन वर्षांनी झाड तिथेच मोडतं. त्यावर उपाय फुकटचा: त्या बाजूने खोडाला झावळ्या बांधायच्या.

दादा म्हणाले, "पण पोफळ लावून सुपारी यायला पाच-सहा वर्षं. तोवर खायचं काय?"

प्रश्न रास्त होता. उत्तर वहिनींच्या रजिस्टरात मिळालं. पाण्याने फुगलेलं, पानं एकमेकांना चिकटलेली, पण बॉलपेनची शाई टिकलेली. दर बुकिंगसमोर पाहुण्याने काय मागितलं ते वहिनी लिहून ठेवत. आम्ही दोन वर्षांची पानं मोजली. दुसऱ्यांदा आलेल्या ३१ कुटुंबांपैकी २३ जणांसमोर एकच नोंद: "मागची खोली, वाडीकडची." एसीबद्दल विचारणारे चार. म्हणजे काँक्रीट घालून दादा नेमकी तीच खोली बंद करणार होते, जिच्यासाठी माणसं परत येत होती. दादांनी वही हातात घेऊन ती पानं स्वतः पुन्हा वाचली, मग उठून खडीवाल्याला फोन लावला.

पुढचा आराखडा सोपा होता. पाऊस संपलेला, त्यामुळे आता पोफळ लावण्यात अर्थ नव्हता. आत्ता केळीचे मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटलेले कोंब, लावून शिंपणं सुरू करायचं. जूनपर्यंत केळ सावली धरते, मग तिच्या आडोशाला २.७ मीटर अंतरावर श्रीवर्धनी सुपारीची रोपं. वाडी भरेपर्यंत पाहुण्याला केळीची हिरवाई तरी दिसते. त्या सुमारास राज्याचं कृषी पर्यटन धोरण नुकतंच आलेलं होतं, पण त्याला किमान एक एकर जमीन लागते. १८ गुंठेवाल्याने त्यामागे न धावता राज्याच्या निवास-न्याहारी योजनेत नोंदणी करावी.

खोल्या चारही उघडायचा मोह होतो, तो आवरावा लागतो. दोन खोल्यांचे पत्रे, त्यांना घट्ट धरणारे नवीन जे-हूक लावून, बसले होते. उरलेल्या दोन खोल्यांच्या भिंतींत पाणी मुरलेलं, वायरिंग तपासलेलं नव्हतं. ओल्या पाइपातल्या वायरीवर गीझर चालवणं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून दोनच.

विहिरीला कुजक्या पानांचा वास होता. आधी पंपाने उपसून तळाचा गाळ काढला. व्यास तीन मीटर, भरल्यावर पाणी चार मीटर, म्हणजे साधारण २८ हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम या मापाने ७० ग्रॅम ब्लिचिंग पावडर बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन वरचं पाणी सोडायचं. तासाभराने ओटी चाचणीत, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते दाखवणाऱ्या चाचणीत, पिवळा रंग आला नाही तर पुन्हा तेवढाच डोस, कारण पानांची कूज क्लोरीन खाऊन टाकते. इथे तीनदा द्यावा लागला.

राहिला पैसा. एप्रिल-मेच्या रद्द बुकिंगचे नऊ आगाऊ हप्ते वहिनींकडे पडून होते आणि ते परत कसे करायचे या काळजीने त्या फोनच उचलत नव्हत्या. आम्ही सुचवलं, आधी तुम्हीच फोन करा: पैसे परत हवेत का, की पुढच्या मुक्कामात धरू? आणि वाडीचा आजचा फोटो पाठवा, जुना नको. येऊन हिरमुसलेला पाहुणा परत येत नाही.

पहिला फोन पुण्याला लागला. वहिनी म्हणाल्या, "वाडी पडल्ये हो. मागच्या खोलीतून आता समुद्राचा आवाज येतो, पण सावली नाही. केळी लावतोय." पलीकडून काही क्षण काहीच आवाज आला नाही, मग पाडव्याच्या तीन रात्री पक्क्या झाल्या. नऊपैकी पाच जणांनी आगाऊ रक्कम पुढे धरायला सांगितली, दोघांनी परत मागितली, दोघांचे फोन लागले नाहीत. दादा तोवर पहार घेऊन ओंडक्यांकडे गेले होते.