मध्ये ठेवा

"पास्ता किसका है?"

वेटरच्या एका हातात पास्ता, दुसऱ्या हातात रिसोटो, आणि आम्ही पाचही जण एकमेकांच्या तोंडाकडे बघतोय. प्रश्न काही अवघड नव्हता. पण खरं सांगायचं तर तो पास्ता कोणाचाच नव्हता. "मश्रूमचा घेऊ, सगळ्यांना चालेल," म्हणून लेकीने तो मागवला होता. रिसोटो, म्हणजे इटालियन भात, सासूबाईंसाठी, त्यांना दातांचा त्रास म्हणून. पण त्यातला चमचाभर आपल्यालाही मिळणार, हे प्रत्येकाने मनातल्या मनात धरून ठेवलं होतं. शेवटी नवऱ्याने पंगतीत वाढप्याला थांबवतात तसा हात पुढे केला आणि म्हणाला, "बीच में रखो, बीच में."

वेटरने टेबलाच्या मध्यावर नजर टाकली. तिथे एक मेणबत्ती, बाटलीत खोचलेलं एकच फूल आणि ऑलिव्ह तेलाची कुपी अशी मांडामांड होती. त्याने काही न बोलता मेणबत्ती उचलून शेजारच्या रिकाम्या टेबलावर नेऊन ठेवली, फूल खिडकीत सरकवलं आणि मध्ये जागा केली.

निमित्त लेकीच्या पहिल्या पगाराचं होतं. "या वेळी तुम्ही कोणी पाकिटाला हात लावायचा नाही," अशी तंबी घरातून निघतानाच मिळाली होती. रविवारची संध्याकाळ, घोडबंदर रोड, म्हणजे कापूरबावडीपासून पुढे मेट्रोचे खांब मोजत बसायचं. दारात पोचल्यावर एक मुलगा धावत आला आणि त्याने गाडीची चावी मागितली. बँकेत छत्तीस वर्षं लॉकरच्या चाव्या सांभाळलेल्या माझ्या नवऱ्याकडून अनोळखी माणसाने चावी मागणं म्हणजे काय, हे मलाच ठाऊक. दिली एकदाची. देताना "दुसऱ्या गिअरला जरा अडकते" एवढं सांगून दिली.

आम्ही नौपाड्यातली माणसं. लग्न होऊन मी ठाण्यात आले तेव्हा 'बाहेर खाणं' म्हणजे तलावपाळीवर चक्कर आणि मग उडप्याकडे मसाला डोसा. सकाळी खायचं असेल तर मामलेदार मिसळ, पण ते 'बाहेर खाणं' धरायचं नाही, ती गरज. पुढे पंजाबी आणि चायनीज एकाच मेनूकार्डावर नांदायला लागलं आणि आमच्या आयुष्यात 'वन बाय टू' आलं. हा शब्द ज्याने काढला असेल त्याला साष्टांग नमस्कार. एक स्वीट कॉर्न सूप, दोन बोल. आम्ही तर चौघांत 'दोन वन बाय टू' सांगायचो आणि वेटर आत ओरडून तसंच सांगायचा, त्यात कोणाला काही कमीपणा वाटायचा नाही. आतला माणससुद्धा असा इमानदार, की एका सूपचे दोन बोल केले तर दोन्ही मिळून दीड सूप भरायचं. भाजी एक, रोट्या मोजून, राइस शेवटी 'बघू' म्हणून ठेवलेला. कोणाचं काय, हा प्रश्नच नसायचा. भाजीचा बोल कोणापासून लांब आहे, एवढाच प्रश्न.

इथे मात्र प्रत्येक पदार्थाला मालक लागतो. पाण्यालाही. "स्टिल की स्पार्कलिंग?" असं विचारल्यावर सासूबाईंनी "आपलं साधं" म्हणून तो विषय संपवला. मेनूकार्ड नवऱ्याने उर्दूसारखं उजवीकडून वाचायला घेतलं, म्हणजे आधी आकडा, मग पदार्थ. लेकीने ते त्याच्या हातातून काढून घेतलं. चीज आलं तिथे ती अडली आणि तिने वेटरला विचारलं, की पार्मेझानमध्ये रेनेट कुठलं. अस्सल पार्मेझानला वासराच्या जठरातलं विरजण लागतं, म्हणजे ते शाकाहारी नव्हेच. सासूबाई अंडंसुद्धा खात नाहीत. वेटर आत जाऊन आला आणि म्हणाला, आमच्याकडचं चीज भारतातलं, व्हेज रेनेटचं. सासूबाईंना या सगळ्यातलं काही कळलं नाही. "दुधाचंच ना?" एवढं त्यांनी विचारलं आणि लेकीने "दुधाचंच" म्हणून सांगितलं, तेव्हा तिच्या आवाजात आजीला फसवलं नसल्याचं समाधान होतं.

मी शाळेत इतिहास शिकवायचे. ती खोड जात नाही. एकामागून एक पदार्थ आणायचे आणि ज्याचं त्याच्यापुढे ठेवायचं, ही रीत आपल्याला अगदी युरोपियन वाटते. पण युरोपात ती रुजली एकोणिसाव्या शतकात, आणि तीही रशियाकडून आली. तिला फ्रेंचांनी नावच दिलं 'रशियन वाढप'. त्याआधी फ्रान्सच्या बड्या घरांत एकेका फेरीचे सगळे पदार्थ एकदमच टेबलावर मांडायचे आणि ज्याला जे हाताशी लागेल ते त्याने घ्यायचं. म्हणजे आमच्यासारखंच. हे मी टेबलावर सांगितलं तेव्हा धाकटा म्हणाला, "आई, पिझ्झा गार होतोय."

पिझ्झाचीही एक गंमत आहे. तिकडे नेपल्समध्ये माणशी एक आख्खा पिझ्झा येतो, न कापलेला, आणि आपला आपण सुरी-काट्याने खायचा. कोणी दुसऱ्याच्या पिझ्झ्याकडे बघायचंही नाही. आपल्याकडे तो आठ तुकड्यांत येतो. आठ तुकडे आणि आम्ही पाच जण. प्रत्येकी एक झाल्यावर तीन उरतात. मग सुरू होतं ते 'तू घे', 'नको, मला पुरे', 'अगं घे, गार झाला की चामडं होतं', आणि या आग्रहाच्या गोंधळात धाकटा गुपचूप दोन उचलतो. उरलेला एक शेवटपर्यंत तसाच राहतो. घरातल्या शेवटच्या लाडवासारखा.

एक मात्र कबूल करायला हवं. मध्ये ठेवायचं म्हणजे सगळंच मध्ये नव्हे. आम्ही चौघं बाहेर सामिष खातो, घरात नाही. त्यामुळे चिकन आलं तेव्हा 'मध्ये ठेवा'चं 'तिकडे ठेवा' झालं, आणि ती प्लेट टेबलाच्या पार त्या टोकाला, नवरा आणि धाकट्याच्या मध्ये गेली. तिचा चमचा वेगळा. तो चुकून रिसोटोकडे वळू नये म्हणून मी अर्धा वेळ डोळ्यांत तेल घालून बसले होते. सासूबाई त्या दिशेला बघतच नव्हत्या. हे त्यांनी गेली पंचवीस वर्षं फार कौशल्याने साधलेलं आहे.

आम्ही मागायच्या आत वेटर पाच रिकाम्या प्लेटा घेऊन आला. बरोबर वाढायचे तीन चमचेही. कुठे शिकवत असतील त्यांना हे? बहुतेक कुठेच नाही. घोडबंदर रोडच्या रविवारांनी शिकवलं असणार.

काट्यावर स्पॅगेटी गुंडाळायचा नाद नवऱ्याने दोन प्रयत्नांत सोडला. मला त्याची दया आली नाही, कारण काट्याची थट्टा तर साहेबांनीही केली आहे. थॉमस कोरियट नावाचा एक इंग्रज १६०८ मध्ये इटलीत हिंडून आला. तिथे लोक मांसाला हात न लावता काट्याने धरून कापतात, हे त्याने बघितलं, आवडलं म्हणून स्वतःही सुरू केलं आणि १६११ मध्ये ते छापलं, तर त्याच्याच मित्रांनी त्यावरून त्याची टर उडवली. म्हणजे तोवर इंग्रज आपल्यासारखेच बोटांनी जेवत होते. हा कोरियट पुढे चालत चालत हिंदुस्थानात आला, जहांगीराच्या पुढ्यात फारसीत भाषण ठोकून शंभर रुपये मिळवले आणि १६१७ मध्ये सुरतेला वारला. इथे आल्यावर तो काट्याने जेवत होता की हाताने, हे मला फार जाणून घ्यायचं आहे.

आता रिसोटो. पांढराशुभ्र, ताटलीभर पसरलेला, वर चिजाचे कातरे. सासूबाईंनी आधी चमच्याने एका बाजूने लोटून पाहिला. "आसट आहे," म्हणाल्या. ते कौतुक होतं. मग एक शीत बोटांत धरून दाबलं. त्यांच्या हातून निदान साठ वर्षं तरी रोज भात झाला असेल, त्यामुळे ती चिमूट आपोआपच झाली. शीत दबलं, पण मधोमध काहीतरी राहिलं.

"कणी आहे गं आत. कच्चा काढलाय."

लेकीने समजावलं, की तो तसाच असतो. दाताला जरासा लागेल इतकाच शिजवायचा, त्यांच्याकडे त्याला नावच तसं आहे. आता दात नाहीत म्हणून भात मागवावा, आणि तो नेमका दाताला लागण्यासाठी केलेला निघावा! शितावरून भाताची परीक्षा झाली आणि भात नापास झाला. पण सासूबाईंनी चमचा खाली ठेवला नाही. त्यांना आता कृती हवी होती. मी मला ठाऊक होतं तेवढं सांगितलं: हा तांदूळ जाड, बुटका, उत्तर इटलीत अर्बोरिओ नावाचं गाव आहे, त्याच्यावरून त्याचं नाव. तिकडच्या पो नदीच्या खोऱ्यात भातशेती मोठी. लोण्यावर तांदूळ परतायचा, मग गरम पाणी, म्हणजे भाज्यांचं सूप, पळीपळीने घालत हलवत राहायचं. साधारण वीस मिनिटं गॅसपासून हलायचं नाही. पीठ सुटतं आणि त्यानेच तो असा मिळून येतो.

"आणि धुवायचा किती पाण्याने?"

"धुवायचा नाही. धुतला तर ते पीठच निघून जातं."

"न धुता?"

हे त्यांना चिकनपेक्षा जास्त लागलं. क्षणभर त्या ताटलीकडे त्या वेगळ्याच नजरेने बघत राहिल्या. मग स्वतःशीच म्हणाल्या, "उकळतो ना पण. चालायचंच." आणि पुढचा चमचा घेतला. तेवढ्यात लेकीने पाच प्लेटांत रिसोटोचे पाच ढीग वाढून टाकले होते, आणि प्रत्येकाने एकेक घास खाऊन आपापला ढीग पुन्हा आजीकडे सरकवला होता. म्हणजे फिरून फिरून तो जिचा होता तिच्याकडेच आला, आणि व्हायचा तेवढा गार झाला.

टेबलावर सुरुवातीला एक टोपली आली होती, लोणी आणि पाव. हॉटेलवाल्यांनी त्याला सावरडो म्हटलं, सासूबाईंनी पाव. मला सासूबाईंचाच शब्द रास्त वाटतो. ठाण्याला युरोपियन जेवणाचं अप्रूप आपण उगीच करतो. पोर्तुगीज इथे दोनेकशे वर्षं होते. त्यांनी १७३० मध्ये बांधायला घेतलेला किल्ला पुरता व्हायच्या आत १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला. आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे. पोर्तुगीज गेले, पण पाव राहिला, शब्दासकट. बटाटा राहिला, काजू राहिला, नवऱ्याचा जीव जिच्यात अडकला होता ती चावीही त्यांचीच. आणि लेकीला त्या महिन्यात पहिल्यांदा मिळालेला तो पगारसुद्धा. मिरचीही त्यांच्याच जहाजांतून आली, नाहीतर मामलेदार मिसळीचं काय झालं असतं, याचा विचार करवत नाही.

गोडाचं फार रेंगाळायला नको. तिरामिसूत अंडं, पन्नाकोटात प्राण्यांपासूनचं जिलेटिन. सासूबाईंच्या वाट्याला व्हॅनिला आइसक्रीम आलं आणि तेच सगळ्यांत आधी संपलं. अर्थात मध्ये ठेवून.

बिल आलं. लेकीने ते बाबांच्या हाती लागायच्या आत घेतलं, पण त्याने तिच्या खांद्यावरून वाचलंच. खाली दहा टक्के सर्व्हिस चार्ज लावला होता. नवऱ्याचा चेहरा बँकेचा झाला. "हा ऐच्छिक असतो. २०२२ मध्ये ग्राहक प्राधिकरणाने सांगितलंय, बिलात आपोआप लावता येत नाही. दिल्ली हायकोर्टानेही २०२५ मध्ये तेच म्हटलंय. काढायला सांग." लेक त्याच्याकडे बघत होती. पैसे तिचे, लाज तिची. वेटर तेव्हा शेजारच्या टेबलावरून ती मेणबत्ती उचलून पुन्हा आमच्या टेबलावर आणून ठेवत होता, पुढच्या मंडळींसाठी. नवऱ्याने त्याच्याकडे बघितलं, त्या पाच खरकट्या प्लेटांकडे बघितलं. "राहू दे," म्हणाला. "पण कायदा आपल्या बाजूने आहे, एवढं लक्षात ठेव."

उरलेला रिसोटो बांधून घेतला. डबा रात्री फ्रिजमध्ये गेला.

सकाळी मी उठून स्वयंपाकघरात गेले तर सासूबाईंनी लोखंडी कढई चढवलेली. मोहरी तडतडून झाली होती, हिंग, हिरवी मिरची, कढीपत्ता पडला होता आणि त्यावर इटलीचा अर्बोरिओ. "रात्रीची कणी गेली बघ आता," म्हणाल्या. मला हसू आलं, कारण मिलानमध्येही उरलेला रिसोटो असाच तव्यावर लोण्यात खरपूस परतून खातात. पण ते मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर "मग?" एवढंच म्हणाल्या असत्या.

चिजामुळे तो कढईला चांगलाच धरला होता. पाचही जण जमले, कढई टेबलाच्या मध्ये आली, ज्याने त्याने वाढून घेतलं. तळाला सोनेरी खरवड राहिली. धाकट्याने चमचा पुढे केला. सासूबाईंनी कढई आपल्याकडे ओढली, उलथन्याने ती सगळी खरवड एका दमात सोडवली आणि कोणाला काही न विचारता स्वतःच्या ताटलीत घेतली.