बीगलला घेऊन अ‍ॅजिलिटीच्या मैदानात

अ‍ॅजिलिटी (कुत्र्याने मालकाच्या इशाऱ्यांवर अडथळे पार करण्याचा खेळ) खेळायची म्हणून विचारपूर्वक कुत्र्याची जात निवडणारे लोक असतात. माझ्याकडे मात्र बीगल आधीपासून होती आणि खेळ नंतर आला. ती दोन वर्षांची असताना तिला प्रथम प्रशिक्षणाला नेले. तिथे बॉर्डर कॉली आणि शेटलंड शीपडॉग यांचाच भरणा होता. प्रशिक्षकांनी तिच्या शरीरयष्टीविषयी फारसे न विचारता, "मोकळी सोडली की नाक वर असते की जमिनीला?" एवढेच विचारले. या प्रश्नाचा रोख मला बऱ्याच उशिरा कळला.

१९७८ साली क्रफ्ट्स श्वानप्रदर्शनात प्रेक्षकांच्या करमणुकीसाठी, घोड्यांच्या उड्यांच्या स्पर्धेवरून बेतलेला हा खेळ प्रथम सादर झाला. बहुतेक स्पर्धांत जातीची आडकाठी नसते, विभागणी होते ती खांद्यापाशी मोजलेल्या उंचीवर. माझी बीगल ३७ सेंटीमीटर भरली, म्हणजे एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वानसंघटनेच्या नियमांनुसार ३५ ते ४३ सेंटीमीटरच्या मध्यम गटात बसली. शरीराच्या बाबतीत तिला काहीच अडचण नव्हती. आमच्याच वर्गातल्या एका डॅक्सहुंडला मात्र लांब पाठीच्या मणक्यांवर ताण येईल म्हणून उड्या आणि ए-फ्रेम (दोन उतरत्या फळ्यांचा उंच चढाव) यांपासून दूरच ठेवले गेले, आणि एक बुलडॉग आखूड नाकामुळे थोड्याशा धावण्यानेही इतका धापा टाकू लागे की मालकाने स्वतःच नाद सोडला.

आमची अडचण लक्षाची होती. मेंढपाळाच्या खुणेकडे पाहत काम करणे कॉलीच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या अंगवळणी पडलेले असते, तर बीगलने सशाचा माग काढत पुढे जायचे आणि शिकाऱ्याने मागून यायचे, अशी तिच्या जातीची रीत आहे. अ‍ॅजिलिटीत कुत्र्याला हात न लावता केवळ आवाजाने व शरीराच्या हालचालींनी दिशा द्यायची असते. जिची नजर आपल्याकडे नाहीच, तिला ती द्यायची कशी?

त्यात एक चूक माझीच होती. प्रत्येक यशस्वी अडथळ्यानंतर मी खाऊ जमिनीवर टाकत असे, म्हणजे नाक खाली घालण्याचेच बक्षीस देत असे. ही सवय मोडून मी खाऊ हातातल्या पिशवीतूनच देऊ लागले, आणि पूर्ण फेरी नीट झाली तरच "शोध" म्हणून तिला गवत हुंगायला मोकळे सोडू लागले. वीव्ह पोल्समध्ये, म्हणजे ६० सेंटीमीटर अंतरावरच्या बारा खांबांमधून नागमोडी जाताना, ती हटकून दहाव्या खांबापाशी बाहेर पडे. ते सुटायला पाच महिने लागले.

मधल्या काळात प्रशिक्षकांनी एकदा त्यांची कॉली माझ्या हाती दिली. मला वाटले, आता सगळे सोपे होईल. प्रत्यक्षात माझे पाऊल जरासे टनेलकडे, म्हणजे बोगद्याच्या अडथळ्याकडे, वळताच ती त्यात शिरलीही होती, आणि मी अजून उडीचा हुकूम तोंडातच घोळवत होते. बीगलच्या रेंगाळण्यामुळे झाकले गेलेले माझे उशिराचे इशारे त्या एका फेरीत उघडे पडले. कॉली सरस आहे यात शंका नाही, पण नवख्या हँडलरला (कुत्र्याला धाववणाऱ्याला) ती सोपी जाते असे मी म्हणणार नाही.

पहिल्या स्पर्धेत, कुत्र्याशिवाय कोर्स पायी फिरून लक्षात ठेवल्यावर, मी तिचा पट्टा काढला. पहिल्या तीन उड्या सरळ गेल्या. टनेलच्या तोंडाशी ती थबकली आणि आधीच्या कोणा कुत्र्याचा वास घेत राहिली. पंचांनी हात वर केला, एक रिफ्यूजल, म्हणजे अडथळ्याला नकार, पाच दोष. तिसऱ्या रिफ्यूजलला बाद व्हावे लागते, त्यामुळे माझा घसा कोरडा पडला होता, पण दुसऱ्या हाकेला ती आत गेली. डॉगवॉकवरून, म्हणजे उंच अरुंद फळीवरून, उतरताना जिथे पाऊल पडावेच लागते त्या रंगीत भागावर तिचा पंजा पडला आणि बाराही खांब तिने पूर्ण केले. वेळेची मर्यादा आम्ही ओलांडली होती. बाहेर येऊन पट्टा बांधला, "शोध" म्हटले, आणि ती तडक मैदानाच्या कडेच्या गवतात नाक खुपसून उभी राहिली.